उपकारस्तुती

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मराठीत आभार मानायला शब्द कमी नाहीत. आपण ऋण म्हणतो, उपकार म्हणतो, कृतज्ञता म्हणतो. माझ्या घरात यासाठी 'शुक्र' हा शब्द आहे. जेवण झालं की शुक्र, ताप उतरला की शुक्र, एसटी वेळेवर मिळाली तरी शुक्र. मराठी ख्रिस्ती मंडळींत मात्र एक वेगळा शब्द चालतो, 'उपकारस्तुती'. देवानं केलेल्या उपकारांची स्तुती, आणि तीही सर्वांच्या समोर, मोठ्यानं. हा शब्द मला फार वर्षांपासून आवडतो. पण तो आपल्यालाच कधी तोंडानं म्हणावा लागेल, असं वाटलं नव्हतं.

झालं असं. माझा एक मित्र आहे, बी.ए.च्या वर्गातला. आता सेवानिवृत्त शिक्षक. आमच्या जिल्ह्यातल्या, म्हणजे ज्याचं नाव २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं त्या जिल्ह्यातल्या, एका खेड्यातल्या चर्चचा तो सभासद. त्याच वर्षी त्याच्या मंडळीला सव्वाशे वर्षं पूर्ण होत होती. एका संध्याकाळी तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "आमच्या इतिहासाबद्दल उपकारस्तुतीची उपासना आहे. गावातले सगळे येणार. एक प्रार्थना तू कर. मराठीत. पाळकसाहेबांनीच सांगितलंय."

मी म्हटलं, "अरे, कविता वाचतो हवं तर. प्रार्थना कशी करू? चर्च तुमचं, इतिहास तुमचा."

तो हसला. "इतिहास एकट्याचा असतो होय?" एवढं बोलून तो गेला, आणि माझी झोपही बरोबर घेऊन गेला.

पहिला प्रश्न धर्माचा होता. मी नमाजी माणूस आहे. फार मोठा परहेजगार नव्हे, पण अल्लाहसमोर उभं राहताना खोटं बोलू नये एवढं भान आहे. येशूला आम्ही हजरत ईसा म्हणतो, पैगंबर मानतो, मरियमबद्दल आमच्या मनात अपार आदर आहे. पण ख्रिस्ती माणूस येशूला जे मानतो ते मी मानत नाही, आणि हे झाकून मैत्री टिकवावी असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नाही. मग त्यांच्या प्रार्थनामंदिरात उभं राहून मी काय मागू?

मी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारलं. वाटलं होतं, ते नको म्हणतील. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी मलाच उलट विचारलं, "मक्केत छळ झाला तेव्हा पहिले मुसलमान कुठं गेले?" मी म्हटलं, "हबशांच्या देशात. नज्जाशीकडे." "तो कोण होता?" "ख्रिस्ती राजा." इमामसाहेब म्हणाले, "त्यानं आसरा दिला. तो वारला तेव्हा पैगंबरांनी मदिनेत त्याच्यासाठी जनाज्याची नमाज अदा केली. ज्यांनी उपकार केले त्यांना विसरणं हा आपला रिवाज नाही. दुआ अल्लाहकडंच मागा, तुम्हाला पटेल तेवढंच बोला. पुढं तुमचं दिल जाणे."

कुरआनात सूरह हज आहे. तिच्यात एके ठिकाणी मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळं आणि मशिदी यांची नावं एका ओळीत येतात. जिथं देवाचं नाव घेतलं जातं, अशा त्या जागा. लहानपणापासून हे मी वाचत आलो होतो. या वेळी तिथं थांबलो.

दुसरा प्रश्न अवघड होता. आभार मानायचे ते नेमके कशाचे?

आमच्या भागातल्या या चर्चचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ मध्ये मुंबईला उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते, परत पाठवायची तयारी झाली होती. तरी ते राहिले. १८३१ च्या डिसेंबरात मिशनचं काम नगरला आलं. आलेल्या तिघांपैकी हर्वे नावाचे गृहस्थ काही महिन्यांतच, १८३२ मध्ये, इथंच वारले. १८३३ मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली.

पुढं सिंथिया फॅरार नावाची एक अविवाहित बाई मुंबईहून १८३९ मध्ये नगरला आली आणि तिनं मुलींच्या शाळा चालवल्या. या शाळा जोतीराव फुल्यांनी आपल्या मित्राबरोबर पाहिल्या होत्या. मग १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. पुण्याच्या त्या कामाचा विचार करताना मला सावित्रीबाईंचं १८५६ मधलं पत्र आठवतं. त्यात फातिमा हे नाव येतं. आमच्या घरात कुठलीही मुलगी पहिल्यांदा शाळेत निघाली की अम्मी या दोघींची नावं घेते. फॅरारबाईंचं नाव मात्र कुणी घेत नाही. त्या १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. अमेरिकेत जन्मलेली बाई आमच्या मातीत आहे.

१८४२ मध्ये नगरलाच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. आणि मग रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नगरला राहिले. लक्ष्मीबाईंची ती विरहाची वर्षं, १९०० मध्ये राहुरीला त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा, हे सगळं 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. मराठी वाचणाऱ्या माणसाला ते मी नव्यानं सांगायला नको. मला त्या घरातली एक गोष्ट फार मोठी वाटते. बालकवी ठोंबरे, वयानं लहान, ब्राह्मण घरातला पोर, या ख्रिस्ती घरात मुलासारखा राहिला. त्याला कुणी बाप्तिस्मा घ्यायला लावला नाही. त्यानं कविता लिहिल्या, रुसवे केले, लक्ष्मीबाईंनी त्याला जेवू घातलं. मराठी कवितेच्या इतिहासात नगरच्या त्या घराचं भाडं अजून कुणी चुकतं केलेलं नाही.

टिळकांनी आणखी एक काम केलं. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी अभंग आणला, ओवी आणली, कीर्तन आणलं. पेटी-तबल्यावर देवाचं नाव मराठी चालीत घेता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद याच जिल्ह्यातले. त्यांनी 'योगसंग्राम' लिहिला, तो टिळकांच्या किती तरी आधी. मराठी कुणाच्या एका धर्माची नाही, हे आमच्या जिल्ह्यानं असं पुन्हा पुन्हा सांगितलंय. तरीही कविसंमेलनात माझी ओळख करून देताना कुणी तरी म्हणतंच, "मुसलमान असूनही किती शुद्ध मराठी!" माझ्या मित्रालाही हेच ऐकावं लागतं, फक्त 'मुसलमान'च्या जागी 'ख्रिश्चन' येतं. आम्ही दोघं मग एकमेकांकडे बघतो आणि हसतो. रोज हसू येतंच असं नाही.

इथवर सगळं सोपं होतं. शाळांबद्दल शुक्र, कवितेबद्दल शुक्र. दहा मिनिटांत प्रार्थना लिहून झाली असती. पण आमच्या घरात एक गोष्ट आहे, आणि तिला बगल देऊन मला पुढं जाता येत नव्हतं.

१८९९-१९०० चा दुष्काळ. गुरं मेली, विहिरी आटल्या, माणसं घरदार सोडून चालू लागली. माझी पणजी तेव्हा बारा वर्षांची. बाप आधीच गेलेला, आई आजारी. धाकटा भाऊ सहा वर्षांचा. मिशनच्या लोकांकडे धान्य मिळे, म्हणून आई दोन्ही मुलांना घेऊन गेली. धान्य मिळालं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की त्या धान्यावर घर वाचलं. पण मुलगा फार अशक्त होता. त्याला एका अनाथालयात ठेवून घेतलं, बरा झाला की न्या म्हणाले. आई त्याच महिन्यात गेली. पणजीला नातेवाइकांनी दुसऱ्या गावी नेलं. वर्षा-दीड वर्षानं ती परत आली तेव्हा भाऊ तिथं नव्हता. मुलांना वेगवेगळ्या गावी पाठवलं होतं, कळलं ते एवढंच की त्याचा बाप्तिस्मा झाला.

नातेवाइकांनी त्याच दिवशी त्याचं नाव टाकलं. घरात ते घ्यायचं नाही, असं ठरलं. सव्वाशे वर्षं कुणी घेतलं नाही, म्हणून ते आमच्यापर्यंत आलंच नाही. आज मला माझ्या पणजीच्या भावाचं नाव माहीत नाही.

पणजीनं मात्र एक गोष्ट केली. आपल्या मुलीला, म्हणजे माझ्या नानीला, तिनं मिशनच्याच शाळेत घातलं. लोकांनी नावं ठेवली. भाऊ गेला तिथंच मुलगी पाठवतेस? ती म्हणायची, "भावाचं पत्र कधी आलं तर घरात कुणाला तरी वाचता आलं पाहिजे."

पत्र आलं नाही. पण नानी चौथीपर्यंत मराठी शिकली. घरात आम्ही दखनी बोलणारे. मौलवीसाहेबांकडे मी अलिफ-बे गिरवत होतो तेव्हाच नानीनं मला पाटीवर ग म भ न काढून दिलं. गल्लीतल्या बायांना ती वर्तमानपत्र वाचून दाखवायची, सैन्यातल्या मुलांची पत्रं वाचायची, उत्तरंही लिहून द्यायची. मी आज ज्या भाषेत कविता लिहितो ती माझ्या घरात अशी आली. एका न आलेल्या पत्राची वाट बघत.

मग सांगा, मी आभार कसे मानायचे? भाकरी दिली म्हणून? आणि मुलगा गेला त्याचं काय?

उपासनेच्या आधी आठवडाभर मी पाळकसाहेबांकडे गेलो आणि हे सगळं त्यांना सांगितलं. मनात थोडा रागही होता, तो लपवला नाही. त्यांनी मध्ये एक शब्द बोलला नाही. मग उठून कपाटातून मंडळीची जुनी नोंदवही काढली. कागद पिवळे, कडा खाल्लेल्या. दुष्काळाच्या वर्षांतल्या मुलांच्या नोंदी होत्या. शामुएल, याकोब, पुन्हा याकोब, दानिएल. नवी नावं. आईबापांच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी नुसती आडवी रेघ. आम्ही दोघं चष्मे लावून पान पान बघत बसलो. काही सापडणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी शेवटच्या पानापर्यंत गेलो.

वही मिटून ते म्हणाले, "यातल्याच मुलांची आम्ही नातवंडं-पतवंडं. तुमच्या घरात एक नाव हरवलं. आमच्याकडं तर पुष्कळांना आपलं आधीचं नावच माहीत नाही." थोडं थांबून म्हणाले, "ही मुलं घेतली नसती तर मेली असती, हेही खरं. कुणाचं मूल आहे हे नीट लिहून ठेवायला हवं होतं, शोधायला हवं होतं, हेही खरं. म्हणूनच आमच्या उपासनेत आधी पापकबुली असते. उपकारस्तुती त्यानंतर."

मला आमची नमाज आठवली. नमाज पुरी होते, सलाम फेरला जातो, त्यानंतर तसबीह, तेहतीस वेळा सुब्हानल्लाह, तेहतीस वेळा अल्हम्दुलिल्लाह. पण त्याच्याही आधी तीनदा 'अस्तगफिरुल्लाह' म्हणायचं असतं. म्हणजे मी अल्लाहकडे क्षमा मागतो. इतकी वर्षं मी हे म्हणत आलो. शुक्र करण्याआधी क्षमा का, असा प्रश्न कधी पडला नव्हता.

घरी येऊन अम्मीला सांगितलं. ती ऐंशीच्या आसपास आहे. तिला वाटतं तेच ती बोलते. म्हणाली, "रोटी दिये सो बी बोल, बच्चा गया सो बी बोल. अल्लाह के सामने आधी बात नको बोल."

नोव्हेंबरातला रविवार होता. हंगामाचा सणही त्याच दिवशी धरला होता, म्हणून चर्चमध्ये बाजरीची कणसं, भोपळे, कांद्याच्या माळा, एका कोपऱ्यात पाय बांधलेली कोंबडी. सगळे चपला बाहेर काढून आले होते. पुढं सतरंजीवर म्हाताऱ्या बाया, डोक्यावर पदर. मागं खुर्च्यांवर गावातले पाहुणे, सरपंच, देवळाचे विश्वस्त, आमच्या मशिदीतलेही दोघं. पेटीवाला आंधळा होता, पण सूर पक्का. टिळकांची भजनं झाली. मित्रानं मंडळीचा इतिहास वाचला. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली आणि निरनिराळ्या मिशनांची चर्चं एक झाली, हे सांगताना त्याचा आवाज चढला. मंडळीत जाती शिरल्या होत्या, एका वस्तीचे लोक दुसऱ्या वस्तीशेजारी बसत नव्हते, हेही त्यानं वाचलं. तेव्हा आवाज खाली आला. पण त्यानं ते वगळलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. मी डोक्यावर टोपी घातली आणि उभा राहिलो. हात दुआसाठी आपोआप वर झाले. जे बोललो ते साधारण असं होतं :

"हे परवरदिगार, हे सर्वांच्या पालनकर्त्या, तू आम्हा सगळ्यांना एका मातीत जन्माला घातलंस. या गावात दुष्काळ आला तेव्हा ज्यांच्या हातून तू भाकरी पाठवलीस, त्यांच्याबद्दल तुझा शुक्र. घरदार सोडून आले आणि इथंच मातीत गेले, त्यांच्याबद्दल तुझा शुक्र. ज्यांनी मुलींच्या हातात पाटी दिली, त्यांच्याबद्दल तुझा शुक्र. त्या पाटीवरचं अक्षर माझ्या घरात आलं, त्याबद्दल तुझा शुक्र.

"या दाराशी काही लेकरं आली आणि आपल्या घरी परत गेली नाहीत. त्यांच्या आया वाट बघत गेल्या. ज्यांनी त्यांची नावं लिहून ठेवली नाहीत त्यांना क्षमा कर. आणि ज्यांनी त्यांची नावं घरात घेऊ दिली नाहीत त्या आम्हालाही क्षमा कर. आम्हाला त्यांची नावं ठाऊक नाहीत. तुला ठाऊक आहेत. या मंडळीला इथं नांदव. आमीन."

शेवटचा शब्द माझ्या तोंडून पुरा व्हायच्या आत सगळ्या चर्चमधून आला, "आमेन." आमच्याकडं अल-फातिहानंतर म्हणतात तोच तो शब्द. थोडा निराळा उच्चारलेला, एवढंच.

खरं सांगतो, 'आम्हालाही क्षमा कर' हे मी घरून लिहून नेलं नव्हतं. तिथं उभा असताना ते आलं. तोवर माझ्या मनातला हिशेब एकाच बाजूचा होता. मूल त्यांनी नेलं. पण नाव तर आम्हीच टाकलं होतं. तो मोठा झाला असेल, कधी घराचा रस्ता शोधत आलाही असेल, तर दार उघडायला कोण होतं? जिला वाट पाहायची होती ती पणजी तेवढी पाटीवर मुलीचा हात धरून बसली होती.

सगळ्यांना हे रुचलं असं नाही. उपासनेनंतर एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "आनंदाच्या दिवशी जखमा कशाला?" मी म्हटलं, "बाबा, चुकलं असेल तर माफ करा." आमच्यातल्या एकानंही परतीच्या वाटेवर विचारलं, "तिथं जाऊन आपली चूक कबूल करायची काय गरज होती?" त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोघांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण अम्मीनं सांगितलं होतं, आधी बात नको.

पाळकसाहेबांनी एक गोष्ट केली, ती सांगितली पाहिजे. नोंदवहीतल्या त्या मुलांची यादी त्यांनी नव्यानं लिहून घेतली आणि आता दर वर्षी उपकारस्तुतीच्या दिवशी ती वाचायची, असं मंडळीनं ठरवलं. जिथं आडवी रेघ आहे तिथं वाचणारा क्षणभर थांबणार.

उपासनेनंतर अंगणात अर्पणांचा लिलाव झाला. रीतच आहे, आणलेल्या वस्तू बोली लावून विकायच्या आणि पैसा मंडळीच्या कामाला. मी बाजरीच्या कणसांची एक पेंढी घेतली. मित्रानं मुद्दाम बोली चढवली, दुप्पट पैसे मोजायला लावले.

घरी आलो तेव्हा अम्मी ओट्यावर बसली होती. पेंढी तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं एक कणीस हातात घेतलं, दाणे भरलेत का ते अंगठ्यानं दाबून बघितलं आणि विचारलं, "बच्चे का नाम लिया?"

मी म्हटलं, "अम्मी, नाव कुठं माहीत आहे?"

ती म्हणाली, "फिर बी लिया ना?"

मी हो म्हटलं. मग तिनं सून आत होती तिला हाक मारली आणि सांगितलं की उद्या भाकरी याच बाजरीची करायची, आणि पहिली शेजारी द्यायची.